शेंगा आपानं मोजल्या

आपा,

तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. रोह्याच्या कॉलेजातून फोन आला होता, तुझ्याच वनस्पतिशास्त्र विभागातून. तुझ्या टेबलावर आता जी मुलगी बसते ती म्हणाली, "मॅडम, आपांनी घडवलेल्यांत सगळ्यांत मोठं नाव तुमचं. स्मृतिअंकात पहिला लेख तुमचाच हवा." मी हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. तुला जाऊन अजून पंधरवडासुद्धा झाला नाही, आणि मी मोठं नाव होऊन बसलेय.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, हे दुसरं कोणी लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं आणि ते तू अर्ध्यावर तोडलंस. तुझ्याकडून तसं कधी व्हायचं नाही. समोरच्याचं पुरतं ऐकून घेऊन मग त्याला झोडपायची तुझी रीत. त्या दिवशी तू ऐकूनही घेतलं नाहीस, आणि ते बरोबरच केलंस.

मी तुझी विद्यार्थिनी नव्हतेच. मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले तेव्हा तू तिथं कायम झालेली होतीस. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात उभं राहाल तेवढ्या तासांचे पैसे. ताप आला, तास बुडला, पैसे बुडाले. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तुला "मॅडम, तुम्ही" करत होते. तू डब्यातली तांदळाची भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "हे बघ, शमीम म्हण नायतर आपा म्हण. मॅडम म्हटलंस तर उद्यापासून चहा नाय." मी कासूच्या बाजूची, भाताच्या आणि वालाच्या शेतातली. तू रोह्याची, घरातले निम्मे पुरुष आखातात. तरी आठवड्याभरात आपलं असं जमलं की शिपाई दोघींसाठी एकच बशी आणायचा.

मी पीएच.डी.साठी नोंदणी करायला विद्यापीठात जाऊन आले तो दिवस तुला नक्की आठवत असणार. तू एसटी स्टँडवर थांबली होतीस, खास मला विचारायला.

"काय विचारलं गो त्यांनी?"

"लग्न कधी करणार. आणि झाल्यावर काम सोडणार का."

"आणि वालाचं?"

"वालाचं काही नाही."

तू पदर खोचलास. "मग तू विचारायचं होतंस, सर, तुमची पोरं कोण सांभाळतं म्हणून."

मी फिदीफिदी हसले. हसण्यावारी न्यायची माझी सवय तेव्हापासूनची. तू हसली नव्हतीस.

माझा विषय साधा होता. भात कापलं की आपल्याकडे त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्या वालाच्या मुळांवर बारीक गाठी धरतात, आणि त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. गोड्या जमिनीत त्या किती धरतात आणि खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत किती, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी ठरावीक दिवसांनी रोपं मुळासकट उपटायची, धुवायची, गाठी मोजायच्या, शेवटी शेंगा मोजायच्या. हे सगळं थंडीतच. एक थंडी हुकली की वर्ष गेलं. विद्यापीठाच्या कागदावर मात्र महिने असतात, थंडी नसते.

पहिल्या वर्षी खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी थेट माझ्या तुकड्यांत शिरलं. सगळं गेलं. मी घाबरत मुदतवाढीचा अर्ज केला तर आठ दिवसांत मंजूर. नैसर्गिक आपत्ती. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालेलं होतं आणि बाळाची तारीख नेमकी मार्गशीर्षातली निघाली. मी पुन्हा अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं तो वाचून परत सरकवला. अशा कारणाला तरतूद नाही म्हणाला, हवं तर नाव काढून पुन्हा पहिल्यापासून नोंदवा. तुला मी हे सांगितलं तेव्हा तू प्रयोगशाळेत काचा पुसत होतीस. तू फडकं खाली टाकलंस.

"समुद्र शिरला तर चालतंय, पोर झालं तर नाय चालत? कुठला कायदा हा?"

मी रडत होते. तू माझं रडणं संपायची वाट बघितलीस, आणि मग म्हणालीस, "रोपं मी काढते. तू बाळंत हो." माझी रजा नव्हतीच, तास गेले की पगार गेला, पण थंडी तरी जाणार नव्हती.

किती सहज म्हणालीस. तुझी स्वतःची नोकरी होती, घरी सासू अंथरुणाला खिळलेली होती, मुलगा शाळेत होता, नवरा दोन वर्षांनी एकदा येणारा. सकाळच्या गाडीनं कासूला उतरायचं, शेतात जाऊन रोपं काढायची आणि दुपारच्या तासाला रोह्यात हजर व्हायचं. त्या हंगामात तू हे किती वेळा केलंस ते मी कधी विचारलंही नाही.

बाळंतिणीनं सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. आईनं तर खिडकीचीही एकच झडप उघडी ठेवली होती, वारं लागू नये म्हणून. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं. आणि खिडकीबाहेर परसात तू, घमेल्यात मुळं धूत. रोप धुऊन झालं की खिडकीशी धरायचीस आणि ओरडायचीस, "हे बघ, खारीतलं. गाठी हायत गो! कोण म्हणतं खारीत धरत नाय?" मी मान उचलली की आई आतून ओरडायची, "पडून ऱ्हा. मान धरंल." तू बाहेरून म्हणायचीस, "काकी, तिला नाय, मुळांना बघू दे तिच्याकडं." आई हसू दाबायची. तिनं बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तुलाही चालू केले. मी तक्रार केली तर म्हणाली, "काम कोण करतंय? तू तर निजलीस." तेव्हा सगळं थट्टेत चाललं होतं. आज हे लिहिताना त्यातला एकेक शब्द मला टोचतोय.

आणि मग ती पोपटी.

बाळाचं बारसं झालं त्या दिवशी पाहुणे होते. थंडीत आमच्याकडे पाहुणे आले आणि वालाच्या शेंगा भरल्या असल्या की पोपटी लावायचीच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ, ओवा, शेंगा, बटाटे घालायचे, मडकं उपडं करून वर पेंढा आणि लाकडं रचून पेटवायचं. तू यायची होतीस, आणि आमच्याकडची कोंबडी हलाल नसते, म्हणून माझ्या भावांनी मडक्यात कोंबडीऐवजी अंडी टाकली, एवढी त्यांना अक्कल होती. शेंगा मात्र त्यांनी जवळच्या तुकड्यातून ओरबाडल्या, आणि जवळचा तुकडा माझ्या प्रयोगाचा होता. तिथल्या शेंगा दोन दिवसांनी मोजायच्या होत्या. काठ्या रोवलेल्या, सुतळी बांधलेली, तरी. विचारलं तर धाकटा म्हणाला, "सुतळी दिसली गो. वाटलं, पोपटीसाठी राखलाय."

मला हे कळलं ते ओरडण्यानं. तू शेतातून थेट मागच्या दारी आलीस आणि माझ्या दोन्ही भावांना असं काही झापलंस की पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या. मडकं तोवर पेटलेलं होतं. आत खाटेवर मला धुराचा आणि भांबुर्ड्याचा वास येत होता आणि मी उशीत तोंड खुपसून पडले होते. थंडी गेली, पीएच.डी. गेली, एवढंच मला कळत होतं.

थोड्या वेळानं तुझा आवाज बदलला. "कोणी उठायचं नाय," तू म्हणालीस. "खा, पोटभर खा. पण टरफलं टाकायची नाहीत. ज्याची त्यानं आपापल्या पुढ्यात ठेवायची." कोणी तरी हसलं. "हसू नको, तुझ्या पुढ्यातली पयली मोजणार." आणि खरंच तू सगळ्या पंगतीतून फिरलीस. माझे सासरे, मामा, शेजारचे, सगळे निमूट टरफलं रचत बसले. तू खाली बसून एकेक टरफल उलगडत होतीस, कुठल्या शेंगेत किती दाणे होते ते टरफलावरच्या खळग्यांवरून ओळखत होतीस. माझा काका लपवून दुसऱ्यांदा खात होता, त्यालाही तू पकडलंस. अंधार पडायच्या आत हिशेब लागला. मग खिडकीशी येऊन तू म्हणालीस, "वजन नाय मिळणार. मोजणी मिळाली. खाली टीप लिहू, काढणी आगाऊ झाली म्हणून. चल, दूध पाज त्याला."

तू स्वतः काही खाल्लं होतंस का त्या संध्याकाळी? मला माहीत नाही.

माझ्या प्रबंधाच्या आभारात एक ओळ आहे. प्रा. शमीम यांनी वेळोवेळी मदत केली. वेळोवेळी! तू ती वाचून म्हणालीस, "छान छापलंय." तुझं नाव निरीक्षणाच्या पानावर घालायला मी गाइडांना विचारलं होतं, ते म्हणाले असं घालता येत नाही, निरीक्षणं विद्यार्थ्याचीच असली पाहिजेत, उगाच कोणी आक्षेप घेईल. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुला सांगितलंही नाही की मी विचारलं होतं. मला वाटलं, तू रागावशील. की मला वाटलं, तू रागावणार नाहीस आणि मग मलाच जड जाईल?

मी पेणच्या कॉलेजात कायम झाले, मग विद्यापीठाच्या विभागात गेले. आणि ती पोपटीची गोष्ट माझ्या आधी सगळीकडे पोचत गेली. कशी ते मला कळलंच नाही असं म्हणणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय उपयोग? सुरुवात माझ्यापासूनच झाली. एकदा मुलींच्या मेळाव्यात मी ती मजेत सांगितली. "आम्ही टरफलं मोजली," असं म्हणाले. आम्ही. पुढच्या वेळी माझी ओळख करून देणाऱ्या सरांनी ती सांगितली तेव्हा त्यात तू नव्हतीस. बाळ पाळण्यात होतं, आणि मी, ओली बाळंतीण, पंगतीत फिरून टरफलं मोजत होते. टाळ्या पडल्या. मी खाली बघून हसले. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर कुठंही गेलं की तीच गोष्ट. सत्कार, उद्घाटन, विज्ञान दिन. "ज्यांनी पोपटीतल्या शेंगा मोजून डॉक्टरेट मिळवली" अशी माझी ओळख झाली. तूही दोनदा श्रोत्यांत होतीस. पहिल्यांदा कार्यक्रमानंतर तू माझा हात दाबलास. दुसऱ्यांदा तू मधेच उठून गेलीस, आणि मला बरं वाटलं. होय आपा, बरं वाटलं, तू समोर नाहीस म्हणून.

आपलं खरं भांडण मात्र या गोष्टीवरून नव्हतंच. ते वेगळं होतं आणि वर्षानुवर्षं चालू होतं. मी म्हणायचे, तू मला हात दिलास, मी दुसरीला देते, असंच चालतं. मी दिलाही. कुणाला घरी ठेवून घेतलं, कुणाच्या सासऱ्यांशी बोलले, कुणासाठी शब्द टाकला. तुला ते आवडायचं नाही. "तू काय दर पोरीच्या खिडकीशी जाऊन उभी ऱ्हाणार हायस?" तू म्हणायचीस. "मी तुझं केलं कारण मला कासूची गाडी मिळत होती. गाडी नसती तर? नशिबावर पोरींनी शास्त्रज्ञ व्हायचं काय?" तुला लेखी नियम हवा होता. हंगामावर काम असेल तर मुदत हंगामांत मोजा. बाळंतपणात कोणी निरीक्षणं घेतली तर घेऊ द्या, आणि घेणारीचं नाव राजरोस लिहा. तासिकेवरच्या बाईलाही पगारी रजा द्या. विभागात एक खोली द्या, दार लावता येईल अशी, जिथं बाई मुलाला पाजू शकेल. तुझं एवढंच. मी म्हणायचे, "आपा, असे नियम केले की गाइड मुलींना घ्यायचेच बंद होतील."

"नियम नव्हते तरी तुला लग्नाचं विचारूनच घेतलं ना? मग?"

या 'मग'वर मी विषय बदलायचे. एकदा चिडून मी म्हणाले की तुला काय कळतं विद्यापीठातलं, तू कुठं पीएच.डी. केलीस. तू शांतपणे सांगितलंस की तूही नोंदणी केली होतीस, खाडीतल्या चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडांवर. मुलगा झाला त्या वर्षी मुदत संपली. तुझ्याकडे बांध फुटला नव्हता, त्यामुळे सांगायला कारण नव्हतं. इतकी वर्षं ओळख असून मी तुला हे कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आपाला हौसच नसेल.

आता प्राजक्ताचं. तुझी विद्यार्थिनी, डोलवीची. नवरा कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट कधी दिवसाची कधी रात्रीची. ती स्वतः पेणला तासिकेवर शिकवते. काम वालावरच, माझ्यापेक्षा पुढचं आणि माझ्यापेक्षा चांगलं. गेल्या थंडीत तिला मुलगी झाली आणि तिचा हंगाम गेला. तिच्या मुदतवाढीचा अर्ज या पावसाळ्यात आमच्या संशोधन समितीपुढे आला. मी समितीवर आहे. मी बोलणार होते, खरंच. पण माझ्या आधी एक सदस्य बोलले. चांगला माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. ते माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "आमच्या मॅडमनी बाळंतपणात पोपटीतल्या शेंगा मोजल्या. तेव्हा ना सोयी होत्या, ना सवलती. आजच्या मुलींनी हा आदर्श ठेवायला नको का?" सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. अर्ज फेटाळला.

हसले, आपा. माझ्या गोष्टीनं त्या पोरीचं दार बंद केलं आणि मी तिथं बसून हसले. एकदा एखादी बाई असं करू शकते म्हटलं की मग प्रत्येकीनं करावं लागतं. आणि ती बाई तर नव्हतीच. ती खाटेवर होती, उशीत तोंड खुपसून.

तुझा फोन चार दिवसांनी आला, भर दुपारी. तू हॅलोही म्हटलं नाहीस.

"काय गो, शेंगा तू मोजल्यास?"

मी म्हणाले, ते लोकच असं सांगतात, मी कधी तसं म्हटलं नाही.

"नाय म्हणालीस कधी?"

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"माझं नाव नाय घेतलंस त्याचा राग नाय. खरंच नाय. मी काय नावासाठी टरफलं चिवडली नाहीत. पण त्या टरफलांनी माझ्याच पोरीला मारायचं? तू त्यांना खरं सांग. सांग की एकटीनं झालं नाय. कोणाचंच होत नाय. आणि नियम मांड."

"बघते, आपा," मी म्हणाले. "अपील करायला लावते तिला. पण थोडं सबुरीनं..."

फोन कट झाला. मी परत लावला नाही. दिवाळी झाली की रोह्याला जाऊन समजूत काढू, असं ठरवलं होतं. मनात वाक्यंही जुळवली होती, त्यातली निम्मी स्वतःच्या बचावाची होती. तू माझी दिवाळी होऊ दिली नाहीस.

तुझ्या घरी मी आले होते. तुला नेल्यावर आले. उशीर गाडीचा नव्हता, माझाच होता, पाय निघत नव्हता. बायका चटईवर बसून पठण करत होत्या, मी कोपऱ्यात बसले. तुझ्या सुनेनं मला ओळखलं, जवळ घेतलं, आणि शेजारणीला म्हणाली, "ह्याच त्या, शेंगा मोजणाऱ्या." तिलाही तू खरं सांगितलं नव्हतंस. तुझ्या स्वतःच्या घरात तू माझी अब्रू राखून ठेवली होतीस. मला वाटलं, जमीन उकरून तुझ्याशेजारी जाऊन पडावं. मी तिथं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शेंगा आपानं मोजल्या, मी निजलेली होते. सून म्हणाली, असेल, त्या अशाच होत्या. आणि तिनं मला पाणी दिलं.

प्राजक्तानं अपील केलं होतं. या आठवड्यात समितीची बैठक झाली. आपल्याकडे भातं कापून झाली, वालाची पेरणी तोंडावर आली, म्हणजे आत्ता निकाल लागला नाही तर तिची हीही थंडी गेली आणि नोंदणीही गेली. मी उठून उभी राहिले. मी सगळं सांगितलं. खाट, शेगडी, खिडकी, तू. निरीक्षणं तुझी, मोजणी तुझी, माझी फक्त पदवी.

अध्यक्ष म्हणाले, "हा मॅडमचा मोठेपणा."

मी म्हणाले, "मोठेपणा नाही सर, खरं आहे. इतिवृत्तात घ्या."

मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. प्रबंधावर चौकशी, पदवीवर प्रश्न. इतकी वर्षं मी ह्याच क्षणाला भ्याले होते. कोणी मानही वर केली नाही. एकानं चहाचा कप पुढे ओढला. अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले, "घ्या, मॅडम म्हणतायत तर." झालं. एवढंसंच होतं ते. एवढ्याशासाठी मी तुला भर कार्यक्रमातून उठून जाऊ दिलं.

मग मी तुझा नियम मांडला. हंगामानं मुदत, मदतनिसाचं नाव, रजा, खोली. आता मात्र सगळ्यांनी माना वर केल्या. पायंडा पडेल, उद्या प्रत्येक जण येईल, वरून विचारणा होईल. मी वाद घातला. चांगला नाही घातला. तुझ्यासारखं 'मग?' विचारायला मला जमलं नाही, माझा आवाज चढला आणि चिरकला. शेवटी अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "मॅडम, तुमच्या शब्दाखातर त्या मुलीला एक हंगाम देऊ. विशेष बाब म्हणून. पण यापुढे हे उदाहरण म्हणून धरायचं नाही, हेही त्यातच लिहू. मान्य असेल तर आत्ता सही करा. नाही तर पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक थंडी सरल्यावर असते. तू काय केलं असतंस? मी तिथं बसून तुलाच विचारत होते. नियमासाठी अडून बसले तर प्राजक्ता जाते. प्राजक्ताला वाचवलं तर नियम जातो, आणि माझ्याच सहीनं जातो. तू कदाचित दोन्ही मिळवलं असतंस. मी सही केली.

प्राजक्ता बाहेर उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला, मी तिला वरच्या वर धरलं. ती रडत म्हणाली, "तुमचे उपकार, मॅडम. आपा असत्या तर..." ती धावतच गेली, तिला चारची गाडी गाठायची होती, मुलगी सासूपाशी होती. तिची ही थंडी वाचली, त्याचा मला आनंद आहे. तो मी तुझ्यापाशी लपवत नाही.

मी जिना उतरायला लागले तर ऑफिसातली बाई मागून आली. हातात एक अर्ज. "मॅडम, हा अजून एक आलाय. असलाच. पोर लहान, हंगाम गेला. पण आता ते उदाहरण धरायचं नाही असं ठरलंय ना? परत पाठवू?"

मी विचारलं, कोणाचा.

"माणगावकडची हाय. खाली बाकावर बसलीय सकाळपासून."

मी खाली उतरले. व्हरांड्यातल्या बाकावर एक मुलगी होती, पंचविशीची असेल. मांडीवर तान्हं, पदराखाली. पाजायला दुसरी जागा नव्हती म्हणून भिंतीकडं तोंड करून बसली होती. पावलांचा आवाज आला तशी तिनं मान वळवली आणि मला ओळखलं. तिनं माझे फोटो पाहिले असणार, गोष्ट ऐकलेली असणार. घाईघाईनं पदर सावरत, तोंडातलं सुटून बाळ रडायला लागलं तरी, ती मला मान द्यायला उठून उभी राहिली.